गॅलनॅक इंजेक्शन: औषधाला यकृताचा पत्ता देणारी साखर

कोलेस्टेरॉलसाठी सहा महिन्यांतून एकदा घ्यायचे इंजेक्शन तुमच्या डॉक्टरांनी सुचवले असेल. किंवा घरात कोणाला पॉर्फिरिया, ऑक्झलेटचे मूतखडे, अ‍ॅमिलॉइड असा एखादा दुर्मीळ आजार असेल. अशा वेळी ‘या औषधाला साखर जोडलेली असते’ हे वाक्य कानावर पडते. मधुमेह असलेल्या रुग्णाला ते ऐकून लगेच धास्ती वाटते. ही साखर कोणती, ती कशी तयार करतात, औषधाला का जोडतात आणि रुग्ण म्हणून तुम्ही कशाची काळजी घ्यायची, हे या लेखात पाहू.

थोडक्यात

• ही साखर औषध गोड करण्यासाठी नसते. औषध यकृताच्या पेशींपर्यंत नेणे हे तिचे काम.
• तिचे प्रमाण इतके कमी असते की रक्तातील साखर त्यामुळे वाढत नाही.
• साखरेमुळे औषधाचा डोस कमी लागतो, ते त्वचेखाली देता येते आणि परिणाम काही महिने टिकतो.
• एकदा टोचलेले औषध परत काढता येत नाही. त्यामुळे पहिल्या इंजेक्शनआधीच सगळे प्रश्न विचारून घ्या.

ही औषधे कोणती?

आपल्या शरीरातील बरीच प्रथिने यकृतात तयार होतात. प्रथिन कसे बनवायचे याची मूळ प्रत जनुकात असते. पेशी तिची एक तात्पुरती नक्कल काढते. या नकलेला संदेशवाहक आरएनए म्हणतात. एखादे प्रथिन जास्त प्रमाणात किंवा सदोष बनत असेल, तर ही नक्कल नष्ट करून त्याचे उत्पादन कमी करता येते. हे काम करणाऱ्या छोट्या साखळ्यांना ऑलिगोन्यूक्लिओटाइड म्हणतात. त्यांतल्या एका प्रकाराचे नाव एसआय-आरएनए. ज्या नैसर्गिक यंत्रणेवर तो आधारलेला आहे, तिच्या शोधासाठी अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना २००६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

साखर जोडलेली काही औषधे आणि त्यांच्या मान्यतेची वर्षे अशी:

• गिव्होसिरान: यकृताशी संबंधित तीव्र पॉर्फिरिया. अमेरिकेत २०१९.
• लुमासिरान: प्रायमरी हायपरऑक्झलुरिया प्रकार १. या आजारात यकृत जास्त ऑक्झलेट बनवते आणि मूत्रपिंडे खराब होतात. २०२०.
• इन्क्लिसिरान: एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल. युरोपात २०२०, अमेरिकेत २०२१.
• वुट्रिसिरान: ट्रान्सथायरेटिन अ‍ॅमिलॉइडमुळे होणारा नसांचा आजार, २०२२. पुढे २०२५ मध्ये हृदयाच्या अ‍ॅमिलॉइडसाठीही.
• नेडोसिरान: हायपरऑक्झलुरिया, २०२३.

आजार वेगवेगळे असले तरी यांत एक गोष्ट समान आहे. त्रास देणारे प्रथिन किंवा एन्झाइम यकृतात बनते, म्हणून औषध यकृतातच पोहोचायला हवे.

पोहोचवणे हीच मोठी अडचण

आरएनएची साखळी शरीरात नुसती सोडली तर रक्तातील एन्झाइम तिचे तुकडे करतात. उरलेली साखळी मूत्रपिंडांतून बाहेर जाते. त्यातूनही जी पेशीपर्यंत पोहोचेल ती आत शिरू शकत नाही, कारण ती आकाराने मोठी आणि विद्युतभारित असते, तर पेशीचे आवरण स्निग्ध असते.

एसआय-आरएनए प्रकारातील पहिले मान्यताप्राप्त औषध पॅटिसिरान २०१८ मध्ये आले. त्यात साखळी चरबीच्या अतिसूक्ष्म गोळीत भरलेली असते. ते दर तीन आठवड्यांनी शिरेतून, साधारण ८० मिनिटे सलाइनसारखे द्यावे लागते. त्याआधी स्टिरॉइड, पॅरासिटामॉल आणि अ‍ॅलर्जीची औषधे द्यावी लागतात. मात्रा वजनानुसार ठरते. ६० किलोच्या रुग्णाला एका वेळी १८ मिलिग्रॅम, म्हणजे बारा आठवड्यांत चार वेळा मिळून ७२ मिलिग्रॅम.

त्याच प्रथिनाविरुद्ध काम करणारे, साखर जोडलेले औषध म्हणजे वुट्रिसिरान. ते तीन महिन्यांतून एकदा २५ मिलिग्रॅम, त्वचेखाली टोचतात. आधी स्टिरॉइड द्यावे लागत नाही. हा सगळा फरक एकट्या साखरेमुळे पडलेला नाही, साखळी टिकाऊ करणाऱ्या रासायनिक बदलांचाही त्यात वाटा आहे. पण साखळीला यकृताच्या पेशीचे दार उघडून देते ती साखरच.

यकृताच्या पेशीवरचे दार

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत गिल्बर्ट अ‍ॅशवेल आणि अनातोल मॉरेल हे सेरुलोप्लाझ्मिन या तांबे वाहून नेणाऱ्या प्रथिनाचा अभ्यास करत होते. रक्तातील अनेक प्रथिनांवर साखरेच्या छोट्या फांद्या असतात आणि फांद्यांच्या टोकाला सायलिक आम्ल असते. हे टोक काढून टाकल्यावर त्याखालची गॅलॅक्टोज साखर उघडी पडते. असे प्रथिन सशांना टोचले, तर ते काही मिनिटांत रक्तातून नाहीसे होऊन यकृतात जमा होते, असे त्यांना दिसले.

याचे कारण यकृताच्या पेशींवरील एक ग्राहक, म्हणजे रिसेप्टर. त्याचे नाव एशियालोग्लायकोप्रोटीन रिसेप्टर. एका पेशीवर असे साधारण पाच लाख रिसेप्टर असतात. साखर चिकटली की रिसेप्टर तिला घेऊन पेशीच्या आत जातो, सोडतो आणि काही मिनिटांत पुन्हा पृष्ठभागावर येतो. शरीरात इतरत्र हा रिसेप्टर फारच कमी असल्यामुळे ही साखर यकृताच्या पिनकोडसारखी वापरता येते.

गॅलॅक्टोजपेक्षाही या रिसेप्टरला घट्ट चिकटते तिची बहीण, एन-अ‍ॅसिटिल गॅलॅक्टोसमाइन. तिलाच थोडक्यात गॅलनॅक म्हणतात.

तीन साखरा का लागतात?

एक गॅलनॅक रिसेप्टरला चिकटते, पण लगेच सुटते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वाय. सी. ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात साखरांचे वेगवेगळे गुच्छ तयार करून पाहिले. एकाऐवजी दोन साखरा जोडल्या की पकड सुमारे हजारपट वाढली. तीन जोडल्यावर ती एकट्या साखरेच्या सुमारे दहा लाखपट झाली. चौथी जोडून मात्र त्या मानाने फारसा फायदा झाला नाही.

एका बोटाने धरलेला तांब्या निसटतो, तीन बोटांनी धरलेला निसटत नाही, तसेच हे. पण बोटांमध्ये योग्य अंतर हवे. रिसेप्टरच्या साखर धरणाऱ्या जागा एकमेकींपासून साधारण दोन नॅनोमीटर अंतरावर असतात. म्हणून प्रत्येक साखर एका लवचीक दांडीवर बसवतात आणि तीन दांड्या एका फांदीदार गाभ्याला जोडतात. बहुतेक औषधांत ही तीन हातांची रचना दिसते. नेडोसिरानमध्ये ती थोडी वेगळी आहे. तिथे साखळीच्या वळणावर चार साखरा स्वतंत्रपणे बसवलेल्या असतात.

ही साखर प्रयोगशाळेत कशी तयार करतात?

पुढचे टप्पे तुम्हाला लक्षात ठेवायचे नाहीत. पण ते वाचल्यावर या औषधाला इतकी किंमत का पडते आणि ते सहजासहजी कुठेही का बनवता येत नाही, हे कळेल. पद्धती अनेक आहेत. त्यांतली एक रूढ पद्धत अशी:

१. सुरुवात. कच्चा माल म्हणजे गॅलॅक्टोसमाइन. गुडघ्यांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांतील ग्लुकोसमाइनपेक्षा ती फक्त एका ठिकाणी वेगळी असते. चौथ्या कार्बनवरचा एक गट उलट दिशेला असावा, एवढाच फरक. पण रिसेप्टर तो बरोबर ओळखतो. त्यामुळे ग्लुकोसमाइनच्या गोळ्या खाऊन या औषधाचे काम होत नाही.

२. झाकणे बसवणे. साखरेच्या रेणूवर रासायनिक क्रिया होऊ शकेल अशा अनेक जागा असतात. नको तिथे क्रिया होऊ नये म्हणून अ‍ॅसिटिक अनहायड्राइड वापरून त्या सगळ्यांवर अ‍ॅसिटिल गटाची झाकणे बसवतात. नायट्रोजनवरचा अ‍ॅसिटिल गट कायम राहतो, कारण तो गॅलनॅकचाच भाग आहे. ऑक्सिजनवरची झाकणे मात्र तात्पुरती असतात.

३. दिशा ठरवणे. दांडी साखरेच्या पहिल्या कार्बनला जोडायची असते. ती दोन दिशांनी जोडली जाऊ शकते आणि मिश्रण झाले तर ते वेगळे करणे अवघड. यासाठी शेजारच्या नायट्रोजनवरील अ‍ॅसिटिल गट वळवून पहिल्या कार्बनला जोडतात आणि ऑक्झॅझोलिन नावाचे छोटे कडे तयार करतात. या कड्यामुळे एक बाजू अडते, म्हणून दांडी दुसऱ्या बाजूनेच येऊन बसते. रेणू एकसारखे तयार होतात.

४. दांडीचे टोक मोकळे करणे. दांडीच्या दुसऱ्या टोकावर बेंझिल गटाचे झाकण असते. पॅलॅडियम धातूच्या साहाय्याने हायड्रोजन वापरून ते काढतात. आता तिथे आम्लाचा गट मोकळा होतो.

५. तीन हात जोडणे. अशा तीन दांड्या तीन अमाइन गट असलेल्या फांदीदार गाभ्याला जोडतात. इथले अमाइड बंध प्रथिनांमधल्या बंधांसारखेच मजबूत असतात.

६. आधारावर बसवणे. तयार झालेला त्रिशूळ काचेच्या सच्छिद्र कणांवर पक्का करतात. पुढची साखळी त्याच्यावरच वाढते.

साखळी विणणे आणि झाकणे काढणे

या कणांवर आरएनएची साखळी यंत्राच्या मदतीने एकेक कडी जोडत वाढवतात. प्रत्येक कडीसाठी चार कामे ठरलेली: आधीच्या कडीचे टोक मोकळे करणे, नवी कडी जोडणे, ज्या साखळ्यांना कडी जोडली गेली नाही त्या बंद करणे आणि नवा बंध पक्का करणे. या औषधांत साधारण २१ आणि २३ कड्यांच्या दोन साखळ्या एकमेकींना जुळलेल्या असतात. साखर त्यांतल्या एकीलाच जोडलेली असते. दुसरी साखळी पेशीत प्रत्यक्ष काम करते.

अचूकता किती लागते ते पाहा. प्रत्येक कडी ९९ टक्के यशाने जोडली, तरी २० कड्या जोडल्यावर पूर्ण लांबीच्या साखळ्या सुमारे ८२ टक्केच उरतात. यश ९८ टक्क्यांवर घसरले तर सुमारे ६७ टक्के. अपुऱ्या साखळ्या औषधात राहू देता येत नाहीत.

शेवटी अमोनियाच्या द्रावणात साखळी काचेच्या कणांपासून सुटते. त्याच वेळी साखरेवरची तात्पुरती झाकणेही निघून जातात. नायट्रोजनवरचा अ‍ॅसिटिल गट तेवढा टिकतो, कारण तो बंध अधिक पक्का असतो. म्हणजे जी झाकणे काढायची ती निघतात आणि जो गट रिसेप्टरला हवा तो राहतो. नंतर शुद्धीकरण होते, प्रत्येक साखळीचे वजन मोजून ती बरोबर आहे का ते तपासतात आणि दोन्ही साखळ्या जुळवतात.

शरीरात गेल्यावर काय होते?

त्वचेखालून औषध रक्तात जाते आणि यकृत ते झपाट्याने ओढून घेते. इन्क्लिसिरान ४८ तासांनंतर रक्तात सापडत नाही. पेशीच्या आत गेल्यावर साखरेचे काम संपते आणि पेशीतील एन्झाइम ती तोडून टाकतात. साखळ्या पेशीतील सूक्ष्म पिशव्यांमध्ये साठून राहतात आणि तिथून अगदी थोड्या थोड्या बाहेर येत राहतात. म्हणूनच औषध रक्तातून दोन दिवसांत नाहीसे झाले, तरी परिणाम कित्येक महिने टिकतो.

इन्क्लिसिरानच्या ओरायन-१० आणि ओरायन-११ या चाचण्यांत एलडीएल सुमारे ५० टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतले बहुतेक रुग्ण स्टॅटिनही घेत होते. एलडीएल कमी होणे आणि हृदयविकाराचा झटका टळणे या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. दुसरी गोष्ट तपासण्यासाठी ओरायन-४ ही मोठी चाचणी आखली गेली.

रुग्णांचे नेहमीचे प्रश्न

मला मधुमेह आहे. साखर असलेले इंजेक्शन चालेल का?
साखरेच्या कारणाने ते टाळायची गरज नाही. इन्क्लिसिरानच्या संपूर्ण रेणूच्या वजनात तीन गॅलनॅकचा वाटा साधारण ४ टक्के असतो. म्हणजे २८४ मिलिग्रॅमच्या डोसमध्ये ११ ते १२ मिलिग्रॅम. चहात घालतो तो एक चमचा साखर सुमारे ४,००० मिलिग्रॅम भरतो. शिवाय ही साखर ग्लुकोज नाही. मधुमेहाची औषधे, आहार आणि तपासण्या मात्र नेहमीप्रमाणे चालू ठेवा.

मला दूध पचत नाही. मग?
दूध न पचण्याचे कारण आतड्यातील लॅक्टेज या एन्झाइमची कमतरता हे असते. हे औषध आतड्यातून जात नाही, त्यामुळे त्याचा इथे संबंध नाही.

माझी जनुके बदलतील का?
नाही. औषध जनुकाच्या मूळ प्रतीला हात लावत नाही, तात्पुरती नक्कल नष्ट करते. डोस थांबवले की परिणाम हळूहळू ओसरतो.

इंजेक्शन सुरू झाल्यावर स्टॅटिनची गोळी बंद करू का?
स्वतःहून बंद करू नका. इन्क्लिसिरान बहुतेक वेळा स्टॅटिनच्या जोडीला देतात. गोळीचा त्रास होत असेल तर तसे डॉक्टरांना सांगा.

यकृताचा आजार असेल तर?
कावीळ, सिरोसिस, दारूमुळे झालेला यकृताचा त्रास यांपैकी काहीही असेल किंवा पूर्वी झाले असेल तर आधीच सांगा. सौम्य आणि मध्यम बिघाडात इन्क्लिसिरानचा डोस बदलावा लागत नाही. तीव्र बिघाड असलेल्या रुग्णांत मात्र त्याचा अभ्यास झालेला नाही.

डोस चुकला तर?
इन्क्लिसिरान पहिल्या दिवशी, तीन महिन्यांनी आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी देतात. ठरलेल्या तारखेला तीन महिन्यांपेक्षा कमी उशीर झाला असेल, तर डोस घेऊन जुने वेळापत्रक पुढे चालू ठेवतात. त्यापेक्षा जास्त उशीर झाला तर वेळापत्रक पहिल्यापासून सुरू करतात. इतर औषधांचे नियम वेगळे आहेत.

गर्भधारणेचा विचार असेल तर?
परिणाम महिनोन्‌महिने टिकत असल्यामुळे हे आधीच बोलायला हवे. इंजेक्शननंतर दिवस राहिल्याचे कळले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

दुष्परिणाम आणि तपासण्या

टोचलेल्या जागी लाली, दुखणे, पुरळ हा सर्वांत नेहमीचा त्रास. इन्क्लिसिरानच्या चाचण्यांत तो १०० पैकी साधारण ८ जणांना झाला. तो बहुधा सौम्य असतो आणि आपोआप जातो.

बाकीचे दुष्परिणाम औषधानुसार बदलतात, कारण प्रत्येक औषध वेगळे प्रथिन कमी करते. गिव्होसिरान घेताना यकृत, मूत्रपिंड आणि होमोसिस्टीन यांच्या तपासण्या लागतात. वुट्रिसिरानमुळे रक्तातील अ जीवनसत्त्व कमी होते, म्हणून ते पूरक म्हणून दिले जाते. रात्री कमी दिसू लागले तर डॉक्टरांना लगेच सांगा.

इंजेक्शननंतर चेहरा किंवा ओठ सुजणे, श्वास लागणे, अंगभर गांधी उठणे किंवा चक्कर येऊन पडणे असे काही झाले तर थेट जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

पहिल्या इंजेक्शनआधी डॉक्टरांना हे विचारा

• माझ्या आजारात हे औषध नेमके कोणते प्रथिन कमी करते?
• फायदा होतो आहे हे कोणत्या तपासणीतून आणि किती दिवसांनी कळेल?
• माझ्या चालू औषधांपैकी कोणती चालू ठेवायची?
• वर्षाला एकूण किती खर्च येईल आणि विमा त्यातला किती भाग देईल?
• मध्येच थांबवावे लागले तर परिणाम किती दिवस राहील?

प्रत्येक इंजेक्शनची तारीख, औषधाचे नाव, डोस आणि पेटीवरचा बॅच क्रमांक एका वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांतून एकदा घ्यायचे औषध विसरले जाणे सोपे असते, म्हणून पुढची तारीख घरातल्या आणखी एका व्यक्तीलाही सांगून ठेवा. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात, शस्त्रक्रिया ठरली किंवा रुग्णालयात दाखल झालात, तर ही वही दाखवा. रोजच्या गोळ्यांच्या यादीत हे इंजेक्शन दिसत नाही आणि दोन दिवसांनंतर ते रक्तातही सापडत नाही. तुम्ही सांगितले नाही, तर समोरच्या डॉक्टरांना ते कळणार नाही.